नव्वद रेघांचं मशीन

वस्तू महाग आहे की स्वस्त, हे मला विचारावं! मी वजनकाट्यावर नोकरी करतो. ट्रक काट्यावर चढण्याआधीच, टायर किती दबलेत ते बघून मी आतल्या मालाचं वजन सांगतो, आणि माझा अंदाज सहसा पन्नास किलोंच्या वर चुकत नाही. काट्यावर येणारे ड्रायव्हर मला घाबरतात. घरात कुणी घाबरत नाही, पण ते सगळ्यांचंच असतं.

तर आमच्या स्वयंपाकघरातल्या एका मशीनची ही हकीकत. हे मशीन वाटतं, शिजवतं, ढवळतं आणि काम झालं की तीनदा शीळ घालतं. किंमत माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी. एवढ्या पैशात ते निदान भांडी तरी घासेल, असं मला वाटलं होतं. नाही घासत.

हवं होतं ते बायकोला, पण माझ्या वडिलांसाठी. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. हातपाय बऱ्यापैकी सावरले, गिळणं मात्र बिघडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सगळं लोण्यासारखं मऊ वाटून द्या, एखादी गाठ वाट चुकून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतेल. आमचा जुना मिक्सर गाजर बघूनच दमायचा. मग बायको तेच पुन्हा वाटायची, दोनदा गाळायची आणि शिवणाच्या कारखान्यात उशिरा पोचून बोलणी खायची. तिचं मनगट सुजलं होतं. मला ते दिसत होतं, पण किंमत त्याहून ठळक दिसत होती.

दुकानदार म्हणाला, तीस दिवस वापरा, नाही पटलं तर परत आणा. झालं, मी घरात कायदा केला! फ्रिजवर कागद चिकटवला. मशीन एकदा चाललं की एक रेघ. दिवसाला तीन जेवणं, म्हणजे तीस दिवसांत नव्वद रेघा. नव्वद भरल्या तर मशीन राहील, एक जरी कमी पडली तर परत जाईल. बायकोनं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पेन अडकवायला दोरा आणून दिला. मला वाटलं, कौतुकानं दिला.

पहिले चार दिवस झकास गेले. बाराच्या बारा रेघा. बाबा तर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. मशीन सुरू झालं की मान पुढे, थांबलं की नजर कागदावर. मी काट्यावर सगळ्यांना सांगत सुटलो की म्हाताऱ्याला मशीनचा लळा लागलाय.

इथे बाबांचा धंदा सांगायला हवा. त्यांनी अडतीस वर्षं टॅक्सी चालवली. मीटर टाकलं की भाडं सुरू, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी नवं मशीन बघितलं, दर वेळी ओढली जाणारी रेघ बघितली आणि 'महिन्यानं परत' हे माझे शब्द ऐकले. त्यांच्या डोक्यात सगळं चोख बसलं. मशीन भाड्याचं आहे, रेघ म्हणजे मीटर आणि भाडं पडतंय ते त्यांच्या जेवणाचं. त्यांनी कुणाला विचारलं नाही. आम्हीही त्यांना काही समजावून सांगितलं नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं, तेव्हा मी रेघा मोजण्यात दंग होतो.

पाचव्या दिवसापासून बाबा सुनेला सांगू लागले, सकाळचं अर्धं उरलंय, दुपारी तेच घेईन, मशीन लावू नकोस. संध्याकाळी म्हणायचे, भूकच नाही. म्हणजे दिवसाला एकच रेघ! बायको धास्तावली. मशीन परत गेलं तर पुन्हा ते गाळणं आणि ते मनगट. म्हणून ती त्यात नुसतं पाणी ओतून चालवायला लागली, कामावर जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा. घरघर, शीळ, रेघ.

बाबा दारात बसून ऐकत होते. आपण खात नाही तरी मीटर पळतंय, याचंही त्यांना नवल वाटलं नाही. गिऱ्हाईक बसलेलं असलं की गाडी उभी असतानाही मीटर पडतंच. गिऱ्हाईक उतरेपर्यंत ते थांबणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि सकाळच्या वाटीतलंही निम्मं ठेवायला सुरुवात केली.

बायकोनं मला दोनदा सांगितलं की बाबा फार कमी खातायत. दोन्ही वेळा मी कागदावर बोट ठेवलं. दिवसाला तीन रेघा, अजून काय हवं? ती तरी बोलणार काय, रेघा तिच्याच हातच्या होत्या.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी नर्स तपासायला घरी आली. तिनं बाबांना काट्यावर उभं केलं. महिन्यापूर्वी अठ्ठावन्न होते, आता बावन्न. मी म्हणालो, काटा बिघडलाय. मी स्वतः चढून बघितलं, माझं वजन बरोबर आलं. काटा हलवून दुसऱ्या फरशीवर ठेवला, बाबांना पुन्हा उभं केलं. बावन्नच. सहा किलो! रोज समोर बसणारा माणूस सहा किलोंनी रिकामा झाला आणि मला पत्ता नाही.

"यांना खायला देता ना?" नर्सनं विचारलं. तिचा आवाजही चढला नव्हता. पुढच्या आठवड्यात वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा नळी गेली की ती निघेलच असं नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं.

मी तिला ओढतच फ्रिजपाशी नेलं. ऐंशी रेघा होत्या.

"त्यातल्या जेवणाच्या पस्तीसच आहेत," बायको मागून म्हणाली. "बाकीच्या पाण्याच्या."

तिनं सगळं सांगितलं, पर्स उचलली आणि माझ्याकडे न बघता कामावर गेली. नर्सही गेली. मी बाबांसमोर बसलो आणि महिन्यात पहिल्यांदा विचारलं, बाबा, तुम्ही जेवत का नाही?

त्यांनी कागदाकडे बोट केलं. "मीटर किती झालंय बघ. तुला झेपायचं नाही. म्हटलं, मी लवकर उतरलो तर तुझं भाडं वाचेल."

मला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी त्यांना समजावलं की मशीन भाड्याचं नाही, पैसे भरून झालेत, मीटर नाही, तो कागद म्हणजे माझा शहाणपणा आहे. त्यांनी फ्रिजवरच्या कागदाकडे पुन्हा एकदा बघितलं.

"नक्की?"

मी कागद फाडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तुकडे उलटसुलट बघितले आणि म्हणाले, "मग भूक लागलीय."

मी उठलो, तांदूळ आणि गाजर काढलं, मशीनसमोर उभा राहिलो, आणि झाकण उघडेना! सत्तावीस दिवस ज्या वस्तूची लायकी मी ठरवत होतो, तिला मी एकदाही हात लावलेला नव्हता. ओढून बघितलं, दाबून बघितलं. शेवटी मागून काठीचा आवाज आला.

"डावीकडे फिरव," बाबा म्हणाले. "पाणी त्या खुणेपर्यंत. मग हिरवं बटण. आणि बाजूला हो, वाफ येते."

वाफ आली, शीळ झाली. मी वाटी भरली, फुंकर घातली, चमचा त्यांच्या हातात दिला. त्यांनी हळूहळू पहिला घास गिळला. मी श्वास धरून बघत होतो.

"कसं झालंय?"

"खारट," म्हणाले आणि दुसरा चमचा भरला.

यात मशीनचा काही दोष नव्हता.