ठिपक्याची कक्षा

"अहो, डबा नीट धरा. हात का थरथरतोय?"

"थरथरत नाहीये."

"मग डबा घाबरलाय असं म्हणू."

खिडकीचे गज रंगवणाऱ्या बायकोसमोर एअर मार्शल साहेब पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन उभे होते. हात खरोखरच थरथरत होता. वायुदलाचा पुढचा प्रमुख कोण, हे त्याच आठवड्यात ठरायचं होतं आणि चर्चेत त्यांचं नाव होतं. तरुणपणी ते लढाऊ विमान उडवत. चष्मा लागला तेव्हा मालवाहू विमान मिळालं, कंबर धरली तेव्हा खुर्ची मिळाली, आणि कुणालाच नको असलेला अंतराळ विभाग निघाला तेव्हा ती खुर्ची त्यांच्यासकट उचलून तिथे ठेवण्यात आली. तिथे मात्र ते भराभर वर चढले. कारण एकच. बैठकीत ते कधी काही बोलत नसत, त्यामुळे त्यांच्या नावावर एकही चूक नव्हती.

बायकोने ब्रश झटकला. एक बारीकसा थेंब उडाला. कुठे गेला, ते कुणी पाहिलं नाही.

नियंत्रण कक्षात भिंतभर पडदा होता. आपले उपग्रह हिरवे, दुसऱ्यांचे पिवळे. रोज साहेब यायचे, पडद्याकडे बघायचे, "चालू द्या" म्हणायचे आणि जायचे. आज ते थबकले. आपल्या सर्वांत मोठ्या टेहळणी उपग्रहाला चिकटून एक पांढरट ठिपका दिसत होता.

"हे काय आहे?"

कक्षातले सगळे चपापले. साहेबांनी प्रश्न विचारला, असं पूर्वी घडलं नव्हतं. स्क्वाड्रन लीडर बाई उठून पुढे आल्या. "कुठे, सर?"

"तो काय, पांढरा. टेहळणीवाल्याच्या शेजारी."

बाईंना तिथे काहीही दिसेना. पण साहेबांना दिसतंय आणि आपल्याला दिसत नाही, हे बोलायचं म्हणजे दोघांपैकी एकाचे डोळे गेले असं म्हणण्यासारखं होतं. कुणाचे गेले असं ठरेल, हे बाईंना ठाऊक होतं.

"लक्ष आहे त्याच्यावर, सर."

इथे साहेब घाबरले. त्यांना वाटलं होतं, काहीतरी नेहमीचंच असेल. यावर लक्ष ठेवावं लागतंय म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी मान वळवली. ठिपका बरोबर आला.

"तो सरकतोय."

"हो, सर."

"डावीकडे गेला."

"डावीकडे," म्हणत शेजारच्या अधिकाऱ्याने साहेबांच्या बोटाच्या अंदाजाने पडद्यावर एक लाल खूण टाकून दिली. आता सगळ्यांनाच काहीतरी दिसू लागलं. तेवढ्यात साहेब सणसणीत शिंकले.

"उसळी मारली त्याने," ते पुटपुटले.

कुणी हसलं नाही. आकाशातला दगडधोंडा आपणहून वाट बदलत नाही. बदलत असेल तर कुणीतरी चालवतंय.

"आपला उपग्रह हलवायचा का, सर?"

हलवला तर इंधन खर्ची पडून त्याचं आयुष्य वर्षभराने घटणार होतं. नाही हलवला आणि धडक बसली, तर साहेबांची कारकीर्द त्याच दिवशी संपणार होती.

"हलवा."

आपला हलला म्हणून शेजारच्या देशाने त्यांचे दोन हलवले. त्यांनी दोन हलवले म्हणून आपण तीन हलवले. मग क्षेपणास्त्रांवरची आवरणं निघाली. आधी तिकडे, मागोमाग इकडे. साहेबांनी तोंडावर पाणी मारायचं ठरवलं. ते स्वच्छतागृहात गेले आणि आरशासमोर उभे राहिले. ठिपका आता त्यांच्या स्वतःच्या कपाळावर होता.

त्यांनी चष्मा काढला. नखाने खरवडला. पांढऱ्या रंगाचा कण बेसिनमध्ये पडला आणि साहेबांना दरदरून घाम फुटला.

बाहेर येऊन त्यांनी बाईंना कोपऱ्यात घेतलं. "तो ठिपका माझ्या चष्म्यावर होता हो."

"माहीत आहे, सर."

"केव्हापासून?"

"तुम्ही शिंकलात तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्याच हाताखाली तयार झालेय, सर," बाई खाली बघत म्हणाल्या. "आणि आता बोलून उपयोग नाही. शेजाऱ्यांनीही तो दिसतोय असं जाहीर केलंय. त्याला नंबरसुद्धा दिलाय."

साहेबांनी शेजारच्या देशाशी जोडलेला थेट फोन उचलला. पलीकडेही त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच हुद्द्याचा गृहस्थ होता.

"तुम्हाला तो दिसतोय?" साहेबांनी जपून विचारलं.

"तुम्हाला दिसतोय?"

"आम्हाला दिसत होता."

"मग आम्हालाही दिसतच होता."

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अशा वस्तू कधीकधी खाली येता येता जळून जातात, नाही का?" साहेब म्हणाले.

"जातात की." पलीकडचा आवाज इतका कृतज्ञ होता, की साहेबांना गहिवरून आलं. "तुम्हाला कधी सोयीचं पडेल?"

"तुमचा चहा कधी असतो?"

"चारला."

"मग त्याच्या आधी जळू दे. चहा तरी सुखाने घ्या."

त्याप्रमाणे ठिपका जळाला. दोन्ही देशांनी तसं जाहीर केलं, क्षेपणास्त्रांवर पुन्हा आवरणं चढली, आणि साहेब पाय लांब करून खुर्चीत टेकतात न टेकतात तोच बाई हातात कागद घेऊन आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"सर, तिसऱ्याच एका देशाने निषेध नोंदवलाय. जळालेला ठिपका म्हणजे त्यांचा उपग्रह होता म्हणे. कुणी पाडला, ते विचारतायत. आजच्या आज उत्तर द्या, नाहीतर…"

"नाहीतर काय?"

"पुढे नुसती टिंबं दिलीत, सर."

थेट फोन वाजला. पलीकडच्या गृहस्थाचा आवाज पार खोल गेला होता.

"साहेब, मोकळेपणाने सांगा. तिथे खरंच काही नव्हतं ना?"

साहेबांनी लख्ख पुसलेल्या चष्म्यातून पडद्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"पाच मिनिटांपूर्वी विचारलं असतंत," ते हळूच म्हणाले, "तर छातीठोकपणे सांगितलं असतं."