सरहद्दीवर अडकलेल्या विमानाची बखर

श्रीमारुतराय प्रसन्न. ज्याने समुद्र उल्लंघिला आणि वाटेत कोणा सुभेदाराची परवानगी मागितली नाही, तो भाग्यवान, त्यास नमन करून वर्तमान लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, ज्येष्ठमासी, कोणे एके राज्यी आकाशाचे दोन सुभे होते. वरचा सुभा बळवंतराव साळगावकर यांजकडे, खालचा, विमानतळालगतचा, इंदूबाई कारखानीस यांजकडे, आणि विमान वरून खाली यावयाचे तर रावांनी फोनवर द्यावे व बाईंनी घ्यावे, ऐसी रीत. दोघांची आसने एकाच दालनी, मध्ये काय ती काच, आणि एसीचा अंमल रावांचा. ते यंत्र अठरावर ठेवीत आणि बाई शाल पांघरून कुडकुडत. मग एके दिवशी बाईंनी "इथे माणसे बसतात की मासळी ठेवतात?" म्हणून विचारिले, आणि रावांस राग आला, आणि बोलणे तुटले. रावांनी नवा कायदा काढिला, "खालच्यांनी आधी मागावे, मग देऊ." बाई बोलिल्या, "देणाऱ्याने पुकारावे. मी मागत नसते!" ऐसी उभयतांची अक्कल.

मग दोन प्रहरी पश्चिमेकडून वादळ चालोन आले, आणि दीडशे माणसांचे विमान सरहद्दीपाशी येऊन उंचावरच घिरट्या घालू लागले. वादळाआधी उतरवावयाचे तर आत्ताच खाली घ्यावयास हवे, हे बाईंस पडद्यावर लख्ख दिसत होते, आणि फोन मात्र मुका. "हा मनुष्य आहे की धोंडा?" म्हणून बाई चरफडल्या. राव मिशीस पीळ देत बसले. इतक्यात वैमानिक भोईटे यांचा त्रासलेला आवाज रावांच्या भोंग्यातून काचेपलीकडे आला, "अहो, मी आहे तरी कुणाच्या ताब्यात? आपसांत ठरले की कळवा, तोवर इंधन पुरले तर ऐकतो!" बाईंच्या मस्तकी तिडीक गेली. "जळो तो मान!" म्हणून त्यांनी फोन उचलिला आणि गरजल्या, "मागते! द्या एकदाचे!" रावांनी तत्काळ दिले, आणि बाईंनी विमान टप्प्याटप्प्याने खाली आणिले, आणि चाके धावपट्टीस लागली, मग वादळ कोसळले. बाईंनी शाल काढून खुर्चीवर टाकिली, थंडीची आठवणही राहिली नव्हती.

मग फोन वाजला. राव नरमून बोलिले, "बाई, आज थोडक्यात निभावले. चुकलेच. एसी चोवीसवर करतो." बाईंचे डोळे पाणावले, आणि त्या काही बोलणार तोच राव पुढे बोलिले, "तेवढे फक्त आधी तुम्ही मागा."

बाईंनी फोन ठेविला आणि शाल पुन्हा घट्ट लपेटली. येणेप्रमाणे माणसे सुखरूप घरी पोचली, दालन अठरावरच राहिले. याहून अधिक लिहावे तर लिहिणाराचेच डोके फिरते, सबब लेखणी ठेविली.