चपला काढून मरणारा नरसय्या

नरसय्या माझ्या डोळ्यांदेखत आजवर शेकडो वेळा मेला आहे. रेशनच्या रांगेत मेला, गिरणीच्या गेटावर मेला, माझ्या मुलाच्या लग्नात पंगतीत वाढता वाढता मेला. बुंदीचं भांडं मात्र आधी खाली ठेवलं. तूरडाळीचा भाव ऐकला की छातीवर हात, एक गिरकी, आणि माणूस आडवा. दुकानदार नवा असला तर पाणी घेऊन धावतो. जुना असला तर म्हणतो, "नरसय्या, जरा बाजूला मर की, गिऱ्हाईक येतंय."

आणि मरायच्या आधी तो चपला काढतो. दोन्ही जोडून, कडेला नीट ठेवतो आणि मगच पडतो. निळ्या पट्ट्याच्या चपला, एक पट्टा तुटलेला, तो लाल सुतानं बांधलेला. मी एकदा विचारलं, "मरणाऱ्याला एवढी सवड असती व्हय रे?"

"जॉबर," तो म्हणाला, "मेल्यावर मानसं आदी चपला नेतात. मढं मागनं."

जॉबर म्हणजे मी. गिरणीत बिघडलेले माग सुधारायचे आणि माग चालवणाऱ्यांवर ओरडायचं, हे माझं काम. नरसय्या माझ्या हाताखाली विणकर होता. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखी मराठी. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण आमची भिंत एकच आहे आणि तो मला अजून जॉबरच म्हणतो. मलाही ते आवडतं. खोटं कशाला बोलू.

मरण्याचं त्याचं शास्त्र होतं. "आदी गुडघा, मग मांडी, मग खांदा. डोकं शेवटी, आन तेबी हळू. मरायला अक्कल लागते, जॉबर. जगतो कुनीबी." मी याला माकडचाळे म्हणायचो. चारचौघांत, मोठ्यानं.

गेल्या हिवाळ्यात माझी नात प्रणिता आणि तिच्या कॉलेजची चार पोरं मारामारीच्या सिनेमाचा ट्रेलर करायला निघाली. मी विचारलं, "सिनेमा कधी लागनार?"

"सिनेमा नाही आबा. फक्त ट्रेलरच करायचाय."

"म्हंजे लगीन न्हाय, नुसती पत्रिका?"

पोरं हसली. गोष्ट अशी, की कारखान्याचा मालक दुष्ट, आणि विणकराची पोरगी हातात धोटा घेऊन त्याचा सूड घेते. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो लाकडी, टोकदार तुकडा. शेवटी पोरगी मालकाला लाथ घालते आणि तो चादरींच्या गठ्ठ्यांवरून खाली पडून मरतो. मालक कुणाला करायचं? पोरं ओट्यावर बसलेल्या माझ्या समोरून सरळ नरसय्याच्या दारात गेली. गल्लीत मरण्यात नाव त्याचंच.

नरसय्यानं एकच विचारलं, "थोबाड दिसंल का?"

"हो काका, क्लोजअप आहे तुमचा."

"म्हंजे जवळनं?"

"अगदी जवळून."

त्यानं तिथंच भिवंडीला लेकीला फोन लावला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर, आणि बापलेकीचं बोलणं साऱ्या गल्लीला पाठ. पद्मानं त्याला आपल्याकडं राहायला बोलावलं होतं, हा गेला नाही, तेव्हापासून ती तुटक बोलायची. जेवलास? गोळी घेतलीस? ठेवते. त्या दिवशी हा ओरडला, "पद्मा, सिनेमात येनार मी! जवळनं!" पलीकडनं आवाज आला, "बघते."

पुढं दोन दिवस तो ज्याला त्याला सांगत होता, "बघते म्हनली."

हे सगळं मी ऐकलं होतं. ऐकूनही त्या दिवशी जेवताना मी प्रणिताला म्हणालो, "मालक असा असतो व्हय गं, पाच फुटाचा? मालकाला मिशी लागती, आवाज लागतो. मी चाळीस मागांवर वरडल्याला मानूस हाय."

"पण आबा, काकांना सांगितलंय आम्ही."

"मग माझ्या घरात राहून सिनेमे काढायचे न्हाईत."

पोरगी ताटावरून उठली. सकाळी तीच नरसय्याच्या दारात गेली. मी खिडकीत होतो. तिनं खाली बघत माझं मिशीचं म्हणणं सांगितलं. नरसय्या म्हणाला, "बरोबर हाय पोरी. मालकाला मिशी पायजेच की." मग फोनकडं बघत बसला. लावला मात्र नाही.

शूटिंग एका बंद कारखान्यात होतं. मुलाच्या लग्नातला पांढरा कोट, पायात बूट, मिशीला तेल. कॅमेरा समोर आला आणि मी पूर्वी विणकरांवर ओरडायचो तसा ओरडलो. एका दमात शॉट झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग लाथेची वेळ आली. नायिका झालेली पोरगी एवढीशी, मनगट बघितलं तर सुताची बॉबिन जाड वाटावी. तिनं नुसता पाय लावायचा आणि मी पडायचं. मी म्हणालो, "पोरीच्या लाथंनं मी पडनार न्हाय. भावकी बघंल ही."

"आबा, खोटं खोटं आहे ते!"

"खोटंबी न्हाय. तिलाच पाडा."

विनवण्या झाल्या. ती नायिका माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आजोबा, आधीच माफी मागते." मी हललो नाही. पाच वाजता कारखान्याची किल्ली परत द्यायची होती. साडेचार झाले. पोरांची तोंडं उतरली.

कोपऱ्यात नरसय्या बसला होता. न बोलावता आला होता, सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन. तो उठला. "कोट काढ, जॉबर. पोरांनो, पाठ माझी घ्या."

कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांखाली गेल्या. बूट होईनात. त्यानं चपला काढल्या, जोडून ठेवल्या आणि अनवाणी गठ्ठ्यांवर चढला. पोरीनं पाय लावला आणि नरसय्या पडला. गुडघा, मांडी, खांदा, डोकं शेवटी.  तो उठेना, तशी प्रणिता घाबरून धावली. त्यानं एक डोळा उघडला. "कट म्हन की, पोरी."

ट्रेलर कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला. नरसय्या इस्त्रीचा सदरा घालून माझ्या शेजारी बसला होता. पडद्यावर माझं थोबाड हातभर मोठं. मग लाथ, मग ते पडणं. शिट्ट्या वाजल्या. चूक एकच राहिली होती. सबंध ट्रेलरभर बूट घातलेला मालक मेला, तेव्हा गठ्ठ्यापाशी निळ्या चपलांचा जोड दिसत होता, एका पट्ट्याला लाल सूत. मागं कुणीतरी पोरगं हसलंही. पुन्हा शूटिंग करायला कारखाना मिळाला नव्हता.

पाहुण्या मॅडम माइक घेऊन खाली आल्या. "आजोबा, या वयात तो पडण्याचा शॉट तुम्ही स्वतः दिलात?"

मी म्हणालो, "मग? दुसरं कोन देनार?"

हॉल टाळ्यांनी भरला. मी मिशीला पीळ द्यायला हात नेला आणि समोर प्रणिता दिसली. ती आपल्या पायांकडं बघत होती. तिच्या शेजारची चारही पोरं खाली बघत होती. नरसय्या पडला तेव्हा ती सगळी तर तिथंच होती. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. हात मिशीपाशीच राहिला.

मॅडमनी माइक शेजारी नेला. नरसय्या म्हणाला, "लई सराव केला त्यानं. मी बघत हुतो की." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं. याचं काय करायचं ते कळेना.  रिक्षात कॉलेजनं दिलेल्या पाकिटातला पेढा त्यानं मला दिला. मी खाल्लासुद्धा.

प्रणितानं ट्रेलर पद्माला पाठवला. दोन दिवसांनी भर दुपारी ओट्यावर नरसय्याचा फोन वाजला. तेलुगूत बोलणं, पण इतक्या वर्षांचा शेजार आहे, मला समजतं.

"नायना, बघितलं." बापाला ते नायना म्हणतात.

"थोबाड न्हाय आलं गं माझं," हा घाईनं म्हणाला. "जॉबरचं घेतलं. मिशी लागत हुती."

"चपला बघितल्या मी."

  मग ती म्हणाली, लहान पोरीसारखी, "खाल्लं मी सगळं, नायना. ऊठ आता."

नरसय्यानं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मी विचारलं, "काय खाल्लं तिनं?"

तो रस्त्याकडं बघत बोलला. बायको गेली तेव्हा पद्मा चार वर्षांची. पोर जेवेना. हा गिरणीतून यायचा आणि तिच्या ताटापाशी मरून पडायचा. तिनं एक घास खाल्ला की एक डोळा उघडायचा, ताट संपलं की उठायचं. "चपला घालून ताटापाशी यायचं न्हाय म्हनून तीच वरडायची माझ्यावर. आदी चपला काढ, मग मर."

म्हणजे गेटावर, सगळ्या पाळीसमोर, मी ज्याला माकडचाळे म्हणालो ते हे होतं. आणि भर हॉलमध्ये माझं म्हणून घेतलं तेही हेच.

चुकलो, हा शब्द माझ्या तोंडून येत नाही. तिसरीतून शाळा सुटली, तेव्हा मास्तरांनी छड्या मारूनही आला नव्हता. म्हणून लिहून देतो. गठ्ठ्यांवरून पडला तो नरसय्या. मी नव्हे. प्रणितानं हे त्या मॅडमना वाचून दाखवावं.

त्या दुपारी मात्र मी एवढंच म्हणालो, "मला शिकव."

"काय?"

"पडायला."

त्यानं माझ्या मिशीकडं बघितलं, गुडघ्यांकडं बघितलं. "जॉबर, हाड मोडंल."

"मोडू दे."

नरसय्या उठला, ओट्यावरची किटली बाजूला सारली, जागा केली.

"चपला काढ आदी," म्हणाला.