तोफेच्या बाजूचे मनोहरभाऊ

आमच्या शेजारचे मनोहरभाऊ ताथोड आल्यागेल्याला आधी एक प्रश्न विचारतात, मग पाणी. "रडारले न दिसणाऱ्या लढाऊ विमानात तोफ पाहिजे, का नुसती मिसाईलं?" गॅस सिलिंडरवाल्याला विचारलाय, वहिनी गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या साडूलाही विचारलाय. जो "मिसाईलं" म्हणेल, त्याला पाणी उशिरा मिळतं.

भाऊ अकोल्यातल्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कापूस परवडेना तशी जिनिंगं एकामागून एक बंद पडली, त्यात त्यांचंही बसलं. आमच्याकडे त्या वर्षांत लोक आभाळाकडे पाहायचे ते ढगासाठी. भाऊ विमानासाठी पाहायचे. विमानात ते एकदाही बसलेले नाहीत.

"अमेरिकेनं व्हिएतनामात बिनतोफेची विमानं धाडली. मिसाईलं हुकली. मंग काय गोटे मारतीन? झक मारून तोफ बसवली!"

मी हिशेबी माणूस. म्हटलं, "भाऊ, या नव्या विमानातल्या तोफेच्या गोळ्या चार-पाच सेकंदांत संपतात. शिवाय ती झाकणाआड लपवावी लागते. एवढं वजन वाहायचं कशाला?"

"अन् पोटात मिसाईलं किती मावतात? मोजकीच! पंखाले लटकवली तं विमान रडारले दिसते. ती संपली अन् दुश्मन समोर आला, मंग?"

समोरच्या रफिक टेलरनं शिलाई मशीन थांबवलं. "भाऊ, दुश्मन बाद में. पहले घर के मच्छर तो गिराओ."

"तू काजं कर, काजं!"

गल्ली हसायची. मीही हसायचो आणि मनात चिडायचो. इथे लोकांची पिकं बुडताहेत, आणि यांना तोफेची पडलीय.

मग एका रविवारी काही कामानं मी त्यांच्याकडे गेलो. फोन स्पीकरवर होता. पलीकडे मुलगा अविनाश, बंगळुरूचा. शेतीत राहू नको म्हणून भाऊंनीच त्याला शिकायला बाहेर काढलेलं. त्याचं म्हणणं एकच, हिवरखेडचं शेत विका. तो विषय निघाला की दोन मिनिटांत भांडण होऊन फोन बंद व्हायचा. हिशेबानं मुलाचंच बरोबर होतं. त्या शेतात घातलेला पैसा परत येत नाही, हे मी स्वतः मांडून पाहिलं होतं.

भाऊंनाही ते मान्य होतं. "पण शेत गेल्यावर तो मले फोन कायले करीन?" असं ते एकदा म्हणाले होते.

विमानांवर मात्र अविनाश तासभर भांडायचा. तो मिसाईलच्या बाजूचा. भाऊ तोफेच्या बाजूचे का, ते मला त्या दिवशी कळलं.

कारण त्या दिवशी अविनाश कंटाळल्या आवाजात म्हणाला, "बरं बाबा, तुमचंच खरं. तोफ पाहिजे. संपलं? आता शेताचं बोला. गिऱ्हाईक थांबलंय. सही कधी करता?"

भाऊ जिंकले होते. त्यांचा चेहरा असा उतरला की मी नजर वळवली. त्यांनी फोन तोंडाजवळ ओढला.

"थांब, ठेऊ नोको. मीच चुकून राहिलो होतो. तोफ काई कामाची नाही. पायलटनं दुश्मनाच्या इतक्या जवळ जावंच कायले? मिसाईलच पाहिजे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "असं कसं बाबा? मिसाईलला चकवता येतं की!" आणि अविनाश सुरू झाला. तोफेची बाजू तो चांगली मांडत होता. शेवटी म्हणाला, "चला, ठेवतो. पुढच्या रविवारी बोलू." सहीचं राहून गेलं.

भाऊंनी फोन शर्टाला पुसला.

"तुमी हिशेबाचे मानूस. मिसाईलच्या बाजूचे चार मुद्दे काढून द्या मले."

"देतो की. अगदी बिनतोड देतो."

"बिनतोड नोको," ते घाईनं म्हणाले. "पोट्ट्याले उत्तर देता आलं पाहिजे."