एकही हप्ता न चुकवता

वरच्या मजल्यावरच्या नव्या एसीचं पाणी पहिल्यांदा वेलांटीकाकांच्या टकलावर पडलं, तेव्हा ते गॅलरीत उभे राहून वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती वाचत होते. मुद्रितशोधक पाहिजे, असं शहरात कोणालाच वाटत नव्हतं. त्या जाहिरातींत मात्र अकरा चुका होत्या आणि त्या काकांनी लाल पेनाने दुरुस्तही केल्या होत्या. त्यांनी टक्कल पुसलं, वर पाहिलं, आणि दुसरा थेंब चष्म्यावर पडला.

‘वेलांटीकाका’ हे नाव त्यांना बिल्डिंगने दिलेलं होतं. पाण्याच्या टाकीवरच्या सूचनेपासून लग्नपत्रिकेपर्यंत कुठलाही मजकूर हातात आला, की ते आधी वेलांट्या तपासत. सव्वीस वर्षं एकाच छापखान्यात त्यांनी हेच केलं होतं. पाच महिन्यांपूर्वी मालकांनी चुका शोधणारा एक प्रोग्राम बसवला आणि काकांना घरी बसवलं. त्या प्रोग्रामने पहिल्याच आठवड्यात ‘शिक्षक दिन’चं ‘शिक्षक दीन’ केलं. एकाही शिक्षकाने तक्रार केली नाही, याचं काकांना नोकरी गेल्यापेक्षा जास्त दुःख झालं.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्यांनी चौदा वर्षांपूर्वी कर्जावर घेतल्या होत्या. घर अजून बँकेचं होतं, नोकरी गेली होती, लेकीच्या नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. पण ‘आपण कधी एकही हप्ता चुकवला नाही’ हे वाक्य संपूर्णपणे काकांच्या मालकीचं होतं. दिवसातून दोनदा तरी ते कोणाला तरी ऐकवत. पैशांचा व्यवहार काकू बघत. पासबुक त्यांच्या कपाटात असे, आणि काकांनी ते कधी उघडून पाहिलं नव्हतं, कारण त्यात वाचण्यासारखा मजकूर फार कमी होता.

ज्यांचा एसी गळत होता ते तिसऱ्या मजल्यावरचे पडदेवाले. त्यांचं पडद्यांचं दुकान होतं, घर तीन खोल्यांचं होतं आणि कर्जाच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी बँकेला दमडी दिली नव्हती. मागच्या वर्षी त्यांच्या दारावर बँकेची नोटीस लागली तेव्हा काकांनी त्यांची मनापासून कीव केली होती. कीव करायला माणसाला फार बरं वाटतं. पण मग सरकारने दिलासा योजना काढली. ज्यांचे तीन किंवा जास्त हप्ते थकलेत, त्यांची थकबाकी सरकार भरणार! पडदेवाल्यांच्या दारावरची नोटीस निघाली आणि महिन्याभरात भिंतीवर एसी लागला.

काकांच्या टकलावर थेंब पडला त्याच संध्याकाळी पडदेवाले केकचा मोठा तुकडा घेऊन खाली आले. “काका, तोंड गोड करा! सुटलो एकदाचा.”

केकवर क्रीमने ‘कर्जमूक्त’ असं लिहिलं होतं.

“मु ऱ्हस्व असतो,” काका म्हणाले.

“असू दे हो. बँकेने ऱ्हस्व-दीर्घ नाही बघितलं, पैसे बघितले. तेही सरकारचे!” पडदेवाले खो खो हसले. “तुमचं कर्ज चालूच असेल ना अजून?”

“आहे. पण आपण कधी एकही—”

“माहितीये, माहितीये,” असं म्हणत पडदेवाले जिना चढून गेले.

लोक म्हणतात, दुसऱ्याची चूक पोटात घालावी. काकांनी तो चुकीचा ‘मू’ चमच्याने उचलून खरोखरच पोटात घातला, पण उपयोग झाला नाही. ते जळत होते. वरून दिवसभर थंड पाणी ठिबकूनही विझत नव्हते. “बुडवणारा एसीत झोपतो आणि भरणारा त्याचं पाणी झेलतो,” ते काकूंना म्हणाले. “काय गुन्हा केला आपण? वेळेवर भरले, हाच ना?”

काकू लेकीचा युनिफॉर्म इस्त्री करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “जाऊ द्या ना. त्यांचं नशीब.”

“नशीब नाही, धोरण आहे! मी पत्र लिहिणार.”

आणि त्यांनी लिहिलं. सात मसुदे केले. आठवा काकूंना उभं राहून वाचून दाखवला. “विषय : दिलाशाबाबत. महोदय, मी गेल्या चौदा वर्षांत एकही हप्ता न चुकवता ताठ मानेने जगलो आहे. आज माझी नोकरी गेली आहे. माझ्यासारख्याला दिलासा कधी?”

“ते हप्त्याचं वाक्य गाळा ना,” काकू हळूच म्हणाल्या.

“गाळू? अगं, तोच तर पत्राचा कणा आहे!”

“नाही म्हणजे, उगाच कशाला सांगायचं जगाला. आणि पाठवायलाच हवं का?”

आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या मजकुरात सूचना खपत नाही. काकांनी पत्राखाली पूर्ण पत्ता आणि कर्जखात्याचा क्रमांक सुवाच्य अक्षरात लिहिला आणि पत्र योजनेच्या दिलासा कार्यालयाला रजिस्टरने पाठवलं.

तीन आठवड्यांनी दिलासा कार्यालयाचा शिपाई आला आणि बिल्डिंगच्या फळ्यावर लाभार्थ्यांची यादी चिकटवून गेला. काका खाली गेले ते यादीतल्या चुका पाहायला. पहिल्याच ओळीत त्यांचं स्वतःचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं : ‘चौदा वर्षांत एकही हप्ता भरलेला नाही. अतिगरजू. प्रथम प्राधान्य.’ त्या ओळीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

पुढच्या दोन दिवसांत त्या एका ओळीने बिल्डिंग ढवळून निघाली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने साखर द्यायच्या आधीच पैसे मागितले. “आमचं दुकान लहान आहे काका, चौदा वर्षं नाही झेपायचं,” तो नम्रपणे म्हणाला. सोसायटीचे सचिव दरवाजातच उभे राहून बोलले. काका सहा वर्षं सोसायटीचे खजिनदार होते.

“गैरसमज नको,” सचिव म्हणाले. “पण तिजोरीची किल्ली तेवढी द्या.”

“अहो, मी तिजोरीतला एक रुपया तरी कधी हलवलाय का?”

“चौदा वर्षं तुम्ही बँकेला कळू दिलं नाही काका, आम्हाला काय कळणार?”

सगळ्यात जिव्हारी लागली ती पडदेवाल्यांची भेट. ते आले, चप्पल बाहेर काढली आणि खुर्चीच्या टोकावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आदर होता आणि त्याच्या मागून हेवा डोकावत होता.

“काका, मानलं तुम्हाला. मी दोन वर्षं थकवलं तर रात्रंदिवस घाम फुटत होता. तुम्ही चौदा वर्षं! आणि वर चारचौघांत ‘एकही हप्ता चुकवला नाही’ म्हणत फिरत होता. याला म्हणतात डोकं.”

“तसं नाहीये हो ते!”

“माझ्यापासून कशाला लपवता? मला दोन वर्षांचंच मिळालं, तुम्हाला चौदा वर्षांचं मिळणार. आधी सांगितलं असतंत तर मी पण थांबलो असतो ना अजून थोडा!” पडदेवाल्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

एरवी पडदेवाल्यांना जळताना पाहून काकांना गुदगुल्या झाल्या असत्या. पण हा हेवा चुकीच्या पत्त्यावर आलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला लाल पेन लावलं आणि काकूंकडे पासबुक मागितलं.

“कुठे ठेवलंय आठवत नाहीये,” काकू म्हणाल्या.

“तुला? तुला तर लग्नातल्या पाकिटांवरची नावं आठवतात!”

“आज नका जाऊ. ऊन आहे.”

“माझी इभ्रत फळ्यावर टांगलीये आणि तू ऊन बघतेस?”

“मग मी पण येते,” म्हणत काकूंनी पर्स उचलली.

दिलासा कार्यालयात एकच खिडकी होती आणि तिच्यापुढे पंधरावीस माणसं. काकांच्या मागे एक बस कंडक्टर खाकी कपड्यांतच उभा होता. तासाभराने नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी फाइल काढली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“तुम्हीच का ते! आमच्या कार्यालयातली सगळ्यात मोठी केस. साहेब तुमचा फोटो काढणार आहेत.”

“बाई, चूक झालीये. मी सगळे हप्ते भरलेत.”

“असं कसं? तुमच्याच अक्षरात आहे. ‘एकही हप्ता न चुकवता.’ चुकवणं म्हणजे फेडणं. कर्ज चुकवलं म्हणजे फेडलं. तुम्ही एकही चुकवला नाही, म्हणजे एकही फेडला नाही.”

काकांच्या पायाखालची फरशी सरकली. “चुकवणं म्हणजे टाळणं! नजर चुकवणं! वार चुकवणं!”

“किंमत चुकवणं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “हिशोब चुकता करणं.”

“बाई बरोबर बोलतायत,” रांगेतून एक जण म्हणाला. “मी परवाच वाण्याचे पैसे चुकते केले. म्हणजे दिलेच ना?”

“काका बरोबर आहेत!” कंडक्टर गरजला. “माझ्या बसमध्ये तिकीट चुकवलं म्हणजे काढलं नाही. वीस वर्षं हेच पकडतोय मी.”

रांगेचे दोन तट पडले. एक जण म्हणाला, चुकवणारा तो चोर. दुसरा म्हणाला, चुकवणारा तो साव. एका आजोबांनी आपण आयुष्यात काय काय चुकवलं ते सांगायला सुरुवात केली. सव्वीस वर्षांत काकांनी लाखो शब्द तपासले होते, पण आपल्या सगळ्यात लाडक्या वाक्यातला शब्द दोन्हीकडून बोलतो, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. ते घामाघूम झाले.

“वाद नको,” बाई म्हणाल्या. “यादी पत्रांवरून केली होती, पैसे खातं बघूनच देतो. मी बँकेतलं तुमचं खातंच उघडते.”

“उघडा!” काका छाती काढून म्हणाले. “सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा.”

काकूंनी त्यांची बाही ओढली. “अहो, चला ना घरी.”

बाईंनी बटणं दाबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. “आधीचे सगळे हप्ते वेळेवर. गेले पाच महिने मात्र एकही नाही. पाच थकीत.”

काका काकूंकडे वळले. काकू पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या.

“लेकीची फी होती,” त्या म्हणाल्या. “मग तुमच्या बीपीच्या गोळ्या. मग धान्य. छापखान्यातून मिळालेले पैसे तेवढ्यातच संपले. दर महिन्याला वाटायचं, पुढच्या महिन्यात तुम्हाला काहीतरी काम लागेल. आणि रोज सकाळी तुम्ही गॅलरीत उभं राहून ते वाक्य म्हणायचात. तेवढंच एक उरलं होतं तुमच्याकडे. ते कसं काढून घेऊ?”

काकांना आधी लाज वाटली, मग राग आला. मग आठवलं, की पाच महिन्यांत आपल्या ताटात एकदाही काही कमी पडलं नव्हतं. कसं पडलं नव्हतं, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

“या योजनेचा अर्ज आणला होता मी,” काकू म्हणाल्या. “पण घर तुमच्या नावावर. सही तुमची लागत होती. आणि तुम्ही तर वरच्यांना शिव्या देत होता. माझी चूक पोटात घाला आता.”

“तुझी कसली चूक,” काका म्हणाले. “मीच मूळ प्रत न बघता छापत होतो.”

बाईंनी घसा खाकरला. “काका, चौदा वर्षांचं नाही, पण पाच महिन्यांचं मिळेल. नोकरी गेलेल्यांचे पुढचे सहा हप्तेही बिनव्याजी पुढे ढकलतात. यादीतली ओळ आम्ही बदलू. हाच कागद अर्ज म्हणून चालेल, फक्त मजकूर दुरुस्त करून सही करा. लिहिलंय ते खरं असलं पाहिजे.”

काकांनी पत्र पुढे घेतलं. खिशातलं लाल पेन काढलं. ‘चौदा वर्षांत’वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘पाच महिन्यांत’. मग पेन ‘चुकवता’पाशी आलं आणि थांबलं. बाई बघत होत्या, काकू बघत होत्या, अख्खी रांग माना उंचावून बघत होती.

काकांनी वाक्य मनात वाचलं. ‘मी गेल्या पाच महिन्यांत एकही हप्ता न चुकवता…’ शब्द बाईंच्या अर्थाने घेतला, तर वाक्य आता अक्षरशः खरं होतं. ‘ताठ मानेने’ हे दोन शब्द त्यांनी जरा वेळ बघितले आणि काकूंकडे एकदा पाहून तसेच राहू दिले. ‘चुकवता’लाही हात लावला नाही. खाली सही केली.

खिडकीपासून वळले तर समोर कंडक्टर. मघाशी त्यांच्या बाजूने गरजलेला तो माणूस आता डोळे बारीक करून बघत होता. ती नजर काकांच्या चांगल्या ओळखीची होती. गेला महिनाभर ते तीच नजर लावून वरच्या मजल्याकडे पाहत होते.

“तुम्हालाही मिळालं,” कंडक्टर म्हणाला. “मी इथे तक्रारच करायला आलोय. आम्ही पोटाला चिमटा काढून दर महिन्याला भरतो, ते काय मूर्ख म्हणून? पेन आहे का?”

काकांनी लाल पेन त्याच्या हातात दिलं. “लिहा. तुमचं खरं आहे. फक्त ‘चुकवला नाही’ असं लिहू नका.”

“मग काय लिहू?”

“‘प्रत्येक हप्ता भरला’ असं स्वच्छ लिहा,” काका म्हणाले. “म्हणजे काही मिळणार नाही.”