उशा किती?

आमच्या दहिसरच्या सोसायटीत 'कसे आहात?' कोणीही विचारेल. पण 'उशा किती?' असं विचारलं, तर समजायचं, तळमजल्यावरचे सावंत.

झोपताना डोक्याखाली किती उशा लागतात, हा त्यांचा प्रश्न. दूधवाला, वॉचमन, नवा भाडेकरू, कुणाचीच सुटका नव्हती. 'एक' म्हटलं की सावंत "झकास!" म्हणून पुढे जात. 'दोन' म्हटलं की थांबून तुमच्या पायांकडे बघत. एकदा त्यांनी जिन्यात एका नव्या सुनेला उशा विचारल्या, तेव्हा कमिटीची तातडीची मीटिंग भरली होती.

माणूस वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला, मोजल्याशिवाय चैन पडत नसेल, असं आम्ही समजायचो. ते डॉक्टरांनाही तपासून घेत. स्वतःला काही झालेलं नसताना दवाखान्यात जाऊन "दम लागतो" सांगत आणि समोरचा काय करतो ते बघत बसत. "शर्टावरून छाती ऐकणारा डॉक्टर म्हणजे पाकिटावरून पत्र वाचणारा माणूस," हे त्यांचं ठाम मत. पायावर बोट दाबून सूज बघणारा पास, बाकी सगळे नापास. शेवटी एक डॉक्टर त्यांना दारातच विचारू लागले, "सावंत, आज परीक्षा आहे का?"

कट्ट्यावर त्यांची नक्कल सगळ्यात चांगली मी करायचो. हे आधीच सांगून टाकतो.

मग आमच्या हिला दम लागू लागला. शालिनी एक जिना चढली की कठडा धरून उभी राहायची. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. महिनाभर फरक नाही. मी अंधेरीच्या, छातीच्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली, ती मिळाली तीन आठवड्यांनंतरची. इतकं थांबावं लागतं म्हणजे डॉक्टर चांगलाच असणार, हा माझा तर्क.

सावंतांनी मला गेटवर गाठलं. "कदमानू, वहिनींच्या उशा किती?"

"सावंत, चेष्टेची वेळ आहे का ही?"

"आडव्या पडल्या की घुसमटतं ना? पाय सुजतात? अहो, दमा दमा काय करताय! हृदयवाल्याकडे न्या. तीन आठवडे थांबू नका."

"तुम्ही जाऊन तराजू तपासा," मी म्हणालो. गेटवरची चार माणसं हसली. सावंतही हसले.

घरी येऊन आतल्या खोलीत गेलो. शालिनी टेकून बसल्या बसल्या झोपली होती. पाठीमागे तीन उशा. तिसरी माझी. 'तुमची उशी धुवायला काढलीय,' असं ती आठवडाभर सांगत होती आणि मी चादरीची घडी डोक्याखाली घेऊन कुरकुरत होतो.

दुसऱ्या दिवशी तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचे पाय दाबून बघितले. हृदय थकलं होतं, फुप्फुसात पाणी साठत होतं. "बरं झालं आणलंत. कोणी सुचवलं?" त्यांनी विचारलं.

"मलाच शंका आली," मी म्हणालो.

ती सावरली. सोसायटीच्या सत्यनारायणाला मी सगळी गोष्ट रंगवून सांगितली. पाय मी बघितले, उशा मी मोजल्या. सावंत प्रसादाचा द्रोण घेऊन समोरच बसले होते. कोणीतरी म्हणालं, "सावंत, उशा तर तुमच्या ना?"

"छे ओ," सावंत म्हणाले. "कदमांची नजर बारीक आहे."

तेव्हापासून कुणालाही दम लागला की लोक माझ्याकडे येतात. मी सल्ले देतो. सावंतांचेच.

गेल्या महिन्यात धीर करून त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांच्या शेजारात आतली खोली पहिल्यांदा बघितली. पलंगावर भिंतीकडे एक उशी. दुसऱ्या बाजूला तीन, एकावर एक, धुतलेल्या अभ्र्यांच्या. ते इथे राहायला आले तेव्हा एकटेच होते, बायको आधीच गेलेली. एवढंच आम्हाला माहीत.

"दमाच समजत होतो," सावंत म्हणाले. "तीन डॉक्टर बदलले, तिन्ही दम्याचेच. तिसरी उशी मीच आणली. चांगली सावरीच्या कापसाची. म्हटलं, तिला बरं वाटेल."

मी सत्यनारायणाचं बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "ते राहू द्या. वहिनींच्या उशा किती आता?"

"एक."

"झकास!" म्हणून ते चहा टाकायला उठले.

मला त्यांनी बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहितो. उशा सावंतांनी मोजल्या होत्या.