मिलाला मान कळते!

शनिवारी दुपारपर्यंत आमचं हॉटेल अख्ख्या बल्गेरियातलं सर्वांत आधुनिक हॉटेल होणार, असं मी आमच्या त्र्यावना गावच्या चौकात उभं राहून जाहीर केलं होतं! न्हाव्याला सांगितलं, पावाच्या दुकानात सांगितलं आणि समोरच्या हॉटेलवाल्याला तर मुद्दाम दोनदा सांगितलं.

कारण मिला आली होती!

मिला म्हणजे रोबो. एका बड्या परदेशी हॉटेल कंपनीनं चाचणीसाठी पाठवलेली स्वागतिका. खाली चाकं, वर पांढरा गोल चेहरा आणि त्यात दोन निळे दिवे. ती पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत बोलणार, खोल्यांची दारं उघडणार, हीटर लावणार, स्वयंपाकघराला हुकूम सोडणार. आणि कळस म्हणजे पाहुण्यानं तोंडसुद्धा उघडायचं नाही. नुसती मान हलवली की तिला कळतं! शुक्रवारी संध्याकाळी खोक्यातून ती बाहेर आली तेव्हा मी टोपी काढून तिच्यासमोर उभाच राहिलो. चर्चमध्येही मी इतका वेळ गप्प उभा राहिलेलो नाही.

"अहो, टोपी घाला, सर्दी होईल," माझी बायको स्नेझाना म्हणाली. पण तीसुद्धा मिलाकडेच बघत होती.

तिच्या बघण्याला कारण होतं. दर हिवाळ्यात स्नेझाना ऑस्ट्रियात जाते, तिथल्या हॉटेलात परक्यांच्या चादरी बदलायला. आमच्या खोल्या हिवाळ्यात ओस पडतात, करणार काय? कंपनीनं आम्हाला आपल्या हॉटेलांच्या साखळीत घेतलं तर वर्षभर पाहुणे येतील आणि स्नेझाना घरी राहील. शनिवारी कंपनीचे पिखलरसाहेब व्हिएन्नाहून येऊन मिलाचं काम बघणार होते आणि तिथल्या तिथे निकाल देणार होते. तोवर स्नेझानाची सुटकेस अर्धी भरून दाराशी उभी होती. तिच्याकडे नजर जायला नको म्हणून मी मागच्या दारानंच ये-जा करत होतो.

शनिवारी साहेबांच्या आधी पाहुणे आले. प्लेव्हेनच्या बायकांचं गायकमंडळ! बसमधून उतरताना इतका कलकलाट की माळ्यावरची कबुतरं उडाली. पण मिला समोर आली आणि सगळ्या चिडीचूप. एवढं आश्चर्य समोर उभं असताना बोलायला सुचणार कुणाला?

"स्वागत असो!" मिला म्हणाली. "खोली गरम करू का?"

मंडळाच्या पुढारी डोन्काबाईंनी खुशीनं मान डावी-उजवीकडे हलवली.

"ठीक आहे. हीटर बंद. चीजनं त्रास होतो का?"

डोन्काबाईंनी हनुवटी खाली-वर केली.

"अरेरे! स्वयंपाकघरातून चीज हद्दपार. तब्येत ठीक नाही का? डॉक्टरांना बोलावू?"

डोन्काबाईंनी घाबरून जोरजोरात मान खाली-वर केली. मागच्या बायकांनीही केली.

"सगळ्याच आजारी! रुग्णवाहिका मागवली आहे."

मी थक्क होऊन ऐकत होतो. काय ते झटपट निर्णय! थोडं विचित्र वाटलं, नाही असं नाही. पण म्हटलं, यंत्राचं काही शास्त्र असेल. आपण कोण बोलणारे?

एवढ्यात सासूबाई लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"जावईबापू! माझी बनित्सा फेकून द्या म्हणून भिंतीतून कोण ओरडतंय? पहाटे उठून पापुद्रे लाटून चीज भरलंय मी तिच्यात!"

"आणि इथे बर्फ पडायचा बाकी आहे!" एक बाई कोट घालत कुडकुडली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे 'हो' म्हणायचं तर मान डावी-उजवीकडे, 'नाही' म्हणायचं तर खाली-वर. इतकी सरळ गोष्ट! पण बाहेरचं जग ती उलटी करतं, आणि मिला पडली बाहेरची!

"बायांनो," मी ओरडलो, "हिच्यापुढे माना उलट्या हलवा!"

मग जो गोंधळ झाला! काहींनी उलट्या हलवल्या, काहींनी सुलट्या, आणि काहींच्या माना मध्येच अडकून गोल फिरायला लागल्या. हीटर लागतायत, विझतायत. दारं उघडतायत, मिटतायत.

"जन्मभर ही मान अशीच हललीय," सासूबाई गरजल्या, "आता एका डब्यासाठी फिरवू?"

नेमकी तेव्हाच रुग्णवाहिका आली आणि तिच्या मागून पिखलरसाहेबांची टॅक्सी! स्ट्रेचरच्या मागोमाग साहेब आत आले. समोर कोट घातलेल्या कुडकुडत्या बायका, लाटणं घेतलेल्या सासूबाई आणि घामाघूम मी. संपलं, मी मनात म्हटलं. गेली स्नेझाना ऑस्ट्रियाला.

आणि तेवढ्यात मिलाचे निळे दिवे हिरवे झाले.

"क्षमा करा," ती म्हणाली. "आता समजलं. इथली मान वेगळं बोलते."

एकदम सगळे हीटर लागले. डॉक्टरांची माफी मागितली गेली. भिंतीतून आवाज आला, "बनित्सा वाढा!" डोन्काबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. मी तर पुन्हा टोपी काढली. लोखंडाच्या बाईला आमचा देश कळला होता!

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते जर्मनमध्ये बोलत होते आणि स्नेझाना आम्हाला सांगत होती.

"साहेब म्हणतायत, इतक्या देशांत ही यंत्रं बसवली, पण आपण होऊन लोकांची रीत शिकलेलं पहिल्यांदाच बघतोय. ते विचारतायत, साखळीत येणार का?"

साहेब परदेशी, त्यांना कळायला हवं. म्हणून मी त्यांच्या पद्धतीनं मान जोरात खाली-वर केली.

"मालकांचा नकार," शेजारून मिला म्हणाली. "मुख्य कचेरीला कळवते."

सगळ्यांच्या माना जागच्या जागी थिजल्या. हलवायची कुणाची हिंमत?

"थांब गं बये!" स्नेझाना ओरडली. "हो! येणार! हो म्हणजे हो!"

"नोंदवलं," मिला शांतपणे म्हणाली. "तोंडानं बोललेलंही मला कळतं. सकाळपासून माझ्याशी कुणी बोललंच नाही."

संध्याकाळी, बायकांची गाणी रंगात आली असताना, स्नेझाना माझ्याजवळ आली.

"आता मी घरीच. खूश ना?"

मी आनंदानं मान दोन्हीकडे अशी हलवली की टोपी उडाली. माझा आनंद त्या हॉटेलात मावत नव्हता! जिन्यात उभ्या पिखलरसाहेबांनी ते पाहिलं. माझी मान त्यांनी आपल्या पद्धतीनं वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. जवळ येऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. मला अक्षर कळलं नाही. पण पाहुण्याचा मान राखावा म्हणून मी त्यांच्या पद्धतीनं मान खाली-वर केली. चांगली दोन-तीनदा केली.

"बायको गेली असती तर सुटला असतात, होय ना?" असं ते विचारत होते. हे मला स्नेझानानंच सांगितलं. इतके हिवाळे ऑस्ट्रियात काढून तिचं जर्मन फार पक्कं झालंय.

सुटकेस अजून दाराशीच आहे. फक्त आता तिच्यात माझे कपडे आहेत!